चार हातांचा कॅमेरा

म्हशीने आमची पिशवी खाल्ली ती जंगलाच्या वाटेवर, हिंगणीला, चहाच्या टपरीसमोर, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. जिप्सीच्या बॉनेटवर पिशवी ठेवून मी चहा घ्यायला वळले होते. परत पाहते तर बाईसाहेब मान लांब करून पिशवीला चाटून राहिल्यात, पोटच्या पारडाला चाटावं तशा. मी ओरडत धावले. तोवर तिने शिवण दातांत धरून असा हिसडा दिला की सगळी सरकी बॉनेटवरून रस्त्यावर घरंगळली. मग काय, पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीही आल्या. भर रस्त्यात पंगत बसली.

पिशवी कसली, ते सांगते. जंगलात मोठ्या लेन्सचा कॅमेरा फार वेळ हातात पेलत नाही. म्हणून जिप्सीच्या कडेच्या दांडीवर एक भरलेली पिशवी ठेवायची आणि तिच्यात लेन्स रुतवून बसवायची. फोटोवाले तिला बीनबॅग म्हणतात. मी आपली नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा पाय कापला, दोन्ही तोंडं शिवली आणि आत सरकी, म्हणजे कापसाचं बी, भरलं. भावाकडे म्हशीसाठी आणलेलं पोतं होतंच. सरकी हलकी, मऊ, दाबली की दबते. मला वाटलं, काय डोकं चाललं बाई आपलं!

आणि मी कापसाच्या घरातली पोर. सेलूकडे माझं माहेर. अंगणात कापसाचा ढीग आणि गोठ्यात भिजल्या सरकीचं टोपलं पाहतच मी मोठी झाले. सरकीचा वास आला की म्हैस दावं तोडते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. मुंबई-पुण्याच्या माणसाने ही चूक केलीच नसती, कारण त्याला सरकी मिळालीच नसती. ही चूक करायला आमच्याच भागातला माणूस पाहिजे.

माझा नवरा जिप्सीत बसून सगळं पाहत होता. आधी ह्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मग खांदे हलायला लागले. मग हे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. "वाघाच्या जंगलात चाललो," म्हणे, "अन् म्हशीनंच शिकार केली." किती महिन्यांनी ह्यांना असं हसताना पाहत होते मी! मनात म्हटलं, खा बाई, अजून खा, पोटभर खा.

पिशवी तशीच घेऊन मी शेजारच्या किराणा दुकानात गेले आणि तिच्यात चणे भरायला सांगितले. दुकानदार पिशवीकडे पाहतच राहिला. "काकू, वाघाले उसळ खाऊ घालता काय?" मी म्हटलं, "वाघाले नाई, कॅमेऱ्याले. भरा लवकर, गेट बंद होईन." फाटलेली शिवण त्याने सुतळीने आवळून दिली. चण्याची पिशवी जड झाली, पण लेन्स तिच्यात अशी बसली की जणू तिथेच उगवली होती.

त्या हसण्याचं मला एवढं काय, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

हे नोकरीत असताना एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. रस्ते, पूल, नाल्या. सगळं हाताने, शाईच्या पेनने. पट्टी न लावता सरळ रेघ ओढण्यात ह्यांची ख्याती होती, आणि त्याचा थोडाफार गर्वही होता. थोडाफार कसला, चांगलाच होता. घरी पाहुणे आले की सासूबाई कागद आणून द्यायच्या, "काढून दाखव रे." पाहुणे बिचारे हातातला चहा थंड करत रेघ पाहत बसायचे. मी आतून पाहायची आणि मला हसू यायचं, पण रेघ खरंच सरळ असायची.

रिटायर व्हायच्या थोडं आधी ह्यांनी कॅमेरा घेतला. आम्ही पिपरी मेघेत राहतो, बोरचं वाघाचं जंगल तिथून हाकेवर नाही, पण पहाटे निघालं तर उजाडायच्या आत गेटवर पोचता येतं. हे गजर व्हायच्या आधीच उठायचे. स्वतः चहा करायचे, मला हलवायचे, "चाल ना वं, आज दिसते पाह्य." मी कधी जायची, कधी कूस बदलून झोपायची. गेले तर माझ्याकडे डबा आणि थर्मास. मला जंगलाचं असं काही वेड नव्हतं. शिवाय तिथे गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणं ही मला शिक्षाच. मी तोंड उघडलं की हे "शू!" करायचे. मी म्हणायची, "काऊन, वाघाले मराठी समजते का?"

मग ह्यांचे फोटो हलायला लागले. आधी ह्यांनी ड्रायव्हरवर राग काढला. "बाबा, श्वास जरा हळू घेत जा, गाडी हलते." मग लेन्सवर संशय आला. ती दुरुस्तीला पाठवली, ती काही दोष नाही म्हणून परत आली. मग शटरचा वेग वाढवून पाहिला, त्याने थोडे दिवस निभावलं. मग फोकस जनावर सोडून मागच्या गवतावर बसायला लागला. सांबराचं शिंग अर्धंच फोटोत. मोराचं डोकं बाहेर. हे रात्री-बेरात्री कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून पाहायचे आणि उडवायचे.

मला कळलं ते फोटोंवरून नाही. एका सकाळी बशीत कप वाजला. बारीक वाजला, पण वाजत राहिला. ह्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा गरम हाये." चहा कोमट होता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितलं. गोळ्या दिल्या. हात चालता ठेवा, मन लागेल असं काहीतरी करत राहा, म्हणाले. येताना गाडीत हे एकच वाक्य बोलले, "कोनाले सांगजो नको." मी म्हटलं, "अवो, आजार हाये, चोरी थोडीच केली." तर चेहरा फिरवून बसले. तेव्हापासून लग्नाकार्यात ह्यांचा उजवा हात खिशात. कोणाकडे गेलो की "चहा सोडला मी." जेवणावळीला नाही म्हणायचे, पोटाचं कारण सांगायचे. आणि मी बाजूला बसून हो ला हो करायची. मला असा राग यायचा, काय सांगू! ह्यांचा नाही, त्या हाताचा. एवढ्या लोकांनी वाखाणलेला हात, त्यालाच काय झालं मेलं?

कॅमेरा कपाटात गेला. आणि मग हे उठेनासे झाले. म्हणजे उठायचे, पण कधी? ऊन पलंगावर आलं, कामवाली झाडून गेली, तरी हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. जागे असायचे. मला माहीत होतं जागे आहेत. विचारलं की म्हणायचे, "उठून करू काय?" मला आजाराची भीती वाटली नाही तेवढी त्या भिंतीकडच्या तोंडाची वाटली. माणूस एकदा उठायचा बंद झाला की मग हळूहळू सगळंच बंद होतं. मी माझ्या सासऱ्यांचं पाहिलं होतं. ह्यांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

म्हणून मी न विचारता दुपारच्या सफारीचा पास काढला, न विचारता पिशवी शिवली आणि जेवण झाल्यावर सांगितलं, "गाडी येऊन राह्यली. शर्ट बदला." ह्यांनी बरीच कुरकूर केली. मी ऐकलं नाही. आणि मग हिंगणीला ती म्हैस भेटली. म्हणून म्हणते, त्या म्हशीचे माझ्यावर उपकार आहेत.

चण्याची पिशवी कामाची निघाली. लेन्स स्थिर बसायची. पण बटणाचं काय? बोट बटणावर जाईपर्यंत थरथरायचं आणि दाबताना असा झटका बसायचा की सगळं ओम फस्स. दोनचार फेऱ्या अशाच गेल्या. परतताना ह्यांचा चेहरा पाहवायचा नाही. शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही नुसतं पाहा. बटन मी दाबीन."

"तुले काय समजते त्यातलं?"

"बटन दाबाले काय समजा लागते? घरी मिक्सर कोन चालवते?"

हे चिडले. पण पुढच्याच वळणावर एक चितळ झाडाच्या सावलीतून उजेडात येत होतं, तेव्हा तोंडातून निघालंच, "दाब!" एवढ्या मोठ्यांदा निघालं की चितळ गेलं, त्याच्यामागचा सगळा कळप गेला आणि वरच्या झाडावरचं वानर खाली पाहायला लागलं. गाडीतला गाइड टोपीत तोंड घालून हसत होता. मग आम्ही ठरवलं, बोलायचं नाही. फोटो घ्यायचा झाला की ह्यांनी माझ्या गुडघ्याला गुडघा लावायचा.

अशी आमची पद्धत बसली. ह्यांचा डावा हात लेन्सवर, डोळा कॅमेऱ्याला. माझा उजवा हात बाजूने येऊन बटणावर. दुसऱ्या गाड्यांतले लोक पाहायचे, त्यांना वाटत असेल, म्हातारा-म्हातारी काय चिकटून बसलेत! वाटू दे. मी काही कोणाला समजावत बसले नाही.

त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कॅमेऱ्याला डोळा लावला की माणसाला तेवढाच चौकोन दिसतो. ह्यांना चौकोन दिसायचा आणि मला सगळं. मला दिसायचं की मोर आता वळणार, कारण त्याच्या मागची लांडोर चालायला लागलीय. मला दिसायचं की वानरीण उडी मारणार, कारण तिने पिल्लाला पोटाशी आवळलंय. दूध उतू जायच्या आधी साय कशी जरा थरारते, तसंच असतं ते. आयुष्यभर गॅससमोर उभी राहिलेली बाई आहे मी, ते मला कळतं. मग व्हायचं असं, की ह्यांच्या गुडघ्याच्या आधीच माझं बोट दाबून मोकळं.

"मी सांगतल्याबिगर काऊन दाबलं?"

"मोर पिसारा मिटून राह्यला होता. तुमच्या गुडघ्याची वाट पाह्यत बसू का?"

"फोटो माहा हाये!"

"मंग बटन पन तुमीच दाबा."

असं भांडत आम्ही घरी यायचो. संध्याकाळी हे कॉम्प्युटरवर फोटो पाहायचे आणि तो मोराचा फोटो आला की थांबायचे. मोठा करायचे, लहान करायचे, पुन्हा मोठा करायचे. मग म्हणायचे, "हम्म." ह्यांचा "हम्म" म्हणजे दुसऱ्याने केलेली वाहवा समजावी.

हळूहळू शिकवायलाही लागले. ऐन उन्हात फोटो घ्यायचा मोह का टाळायचा, जनावराच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका का हवा, ते जात्या-येत्या रस्त्यात सांगायचे. एकदा मी विचारलं, चांगला उजेड ओळखायचा कसा? म्हणाले, "उजेड नोको पाहू. सावली पाह्य. सावली मऊ असन तं उजेड चांगला." घरी येऊन मी ओट्यावरच्या वाटीची सावली पाहत उभी राहिले, भाजी लागली खाली. शेजारीण म्हणते, तू आजकाल कमी बोलतेस. मला तसं वाटत नाही. पण बोलायच्या आधी मी जरा पाहते, हे खरं आहे. आणि मुख्य म्हणजे हे पहाटे उठायला लागले होते. मला बाकी काही नको होतं.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. जंगल पानं झडून असं उघडं पडलं होतं की लांबचं लांब दिसावं. पाणवठ्यावर वाघीण आहे म्हणून कळलं आणि आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागलेली. वाघीण पाण्यात बसली होती. वाघ पाठमोरे होऊन पाण्यात शिरतात ना, तशी शिरून मान तेवढी वर ठेवून आरामात पडली होती. सगळीकडून कॅमेऱ्यांची कटकट चालू होती.

ह्यांनी लेन्स पिशवीवर ठेवली. डोळा लावला. आणि हाताला असा कंप सुटला की मी घाबरले. आनंदाने, उत्साहाने, कशाने ते देव जाणे, पण लेन्स, पिशवी, खालची दांडी, सगळंच थरथरतंय असं मला वाटायला लागलं. ह्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, सुटत होता, पुन्हा लागत होता. खूण कोणती आणि थरथर कोणती, मला कळेना. मी दाबत राहिले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं तर कुठे नुसतं पाणी, कुठे एक कान.

तेवढ्यात वाघिणीने पाण्याबाहेर पाऊल टाकलं आणि डावीकडे पाहिलं. सगळ्यांचे कॅमेरे तिच्या तोंडावर. मी तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते. तिने ज्या झुडपाकडे पाहिलं, ते झुडूप हललं होतं. वाऱ्याने नाही हललं, वारा नव्हताच. मला कळलं की आतून कोणीतरी येतंय, आणि आमची लेन्स भलतीकडे आहे.

मी ह्यांचा हात लेन्सवरून बाजूला केला. हळू वगैरे नाही केला, ढकलला. खांद्याने ह्यांना मागे सारलं, डोळा कॅमेऱ्याला लावला आणि लेन्स डावीकडे फिरवली. झुडपातून एक पिल्लू धावत आलं. ते पाण्यापर्यंत गेलंच नाही. आईच्या पोटावरून जे पाणी गळत होतं, तेच मान वर करून चाटायला लागलं. ती उभी राहिली. तिला उभं राहायचंच होतं की नाही कोण जाणे, पण पिल्लाचं होईपर्यंत ती उभी राहिली. मी बटण दाबलं. किती वेळा दाबलं आठवत नाही. मग दोघं झाडीत गेली.

गाड्यांमध्ये एकच कालवा झाला. कोणी पडदा दाखवतंय, कोणी टाळ्या देतंय. आमच्या गाइडने माझ्या मागून पडदा पाहिला आणि "आई शप्पथ!" म्हणाला. मी हसत वळले. हे सीटच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. माझ्याकडे पाहिलं. "चांगलं झालं," म्हणाले. एवढंच.

काय केलं मी हे? ज्या माणसाला कॅमेऱ्यापाशी आणायला एवढा आटापिटा केला, त्यालाच चारचौघांत कॅमेऱ्यावरून ढकललं! वर त्याला नको ते दाखवून दिलं, की हे बघ, तुझ्याशिवाय जास्त चांगलं होतं. मला तो फोटो डोळ्यांसमोर नको झाला. त्याहून वाईट म्हणजे तो मला डोळ्यांसमोरून हलवताही येईना, कारण असा फोटो आयुष्यात मी पहिल्यांदा काढला होता आणि मला त्याचा आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी हे उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तेच भिंतीकडे तोंड. मी बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, आवडीचं वांग्याचं भरीत-भाकर करून पाहिलं. जेवायचे आणि पुन्हा पडायचे. पुढच्या आठवड्याचा पहाटेचा पास आधीच काढलेला होता. त्याबद्दल विचारायची माझी हिंमतच होत नव्हती.

मग त्या पासाच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, बैठकीत ह्यांचा फोन वाजायला लागला. एकामागून एक, टिंग टिंग. मी कणीक मळता मळता बाहेर आले. ह्यांनी तो फोटो फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. सोबत काही लिहिलं नव्हतं. कोपऱ्यात ह्यांचं नाव होतं. ह्यांच्या कॉम्प्युटरवर ते आपोआप पडतं, किती वर्षांपासून तसंच लावून ठेवलेलं आहे. आणि खाली कौतुकाचा नुसता पूर. "सर, जबरदस्त!" "सर, याला म्हणतात फोटो!" एकाने लिहिलं होतं, "या वयात हात काय स्थिर आहे सरांचा!"

मला बरं वाटलं. अगदी मनापासून सांगते, बरंच वाटलं. घ्या ना नाव, मला काय करायचंय नावाचं? माझा माणूस उठून बसला होता, फोन हातात घेऊन वाचत होता. मी म्हटलं, "पाहा, लोकं कशी तारीफ करून राह्यले!"

ह्यांनी वर पाहिलं. "हात धू. इकडे ये. टाइप करून दे."

हल्ली ह्यांचं बोट फोनवर भलत्याच अक्षरावर पडतं, म्हणून निरोप मीच लिहून देते. हात धुऊन बसले शेजारी. म्हटलं, धन्यवाद लिहू का सगळ्यांना?

"लिही. हा फोटो माझ्या बायकोनं काढला."

मी फोन खाली ठेवला. "काहीबाही बोलू नका. मले नाई पाह्यजे नाव."

"तुले पाह्यजे म्हनून नाई सांगून राह्यलो. लिही."

"अवो, चौकोन तुमीच लावला होता. मी नुसतं..."

"नव्हता लावला. मी कानच पाह्यत बसलो होतो वाघिनीचा. मले झुडूप दिसलं बी नाई." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "लिही पुढं. नाव चुकून माझं पडलं. मला कंपवात आहे, हात थरथरतो."

तिथे माझं बोट थांबलं. एवढे दिवस ज्या शब्दासाठी हे लोकांकडचा चहा सोडून बसले होते, खिशात हात घालून लग्नं पार पाडत होते, तो मी लिहायचा? आणि सगळ्या जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांना पाठवायचा? मी म्हटलं, "एवढं नका सांगू. फोटो मी काढला एवढंच लिहिते, बस झालं."

"तेवढ्यानं नाई होत. तो म्हन्ते, सरांचा हात स्थिर हाये. ते मले गिळवत नाई." ह्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून आम्हा दोघांच्या मध्ये धरला. थरथरत होता. ह्यांनी तो लपवला नाही, मांडीखाली घेतला नाही, तसाच धरून ठेवला. "हा पाह्य. हा असाच हाये आता. लिही."

मी लिहिलं. एकेक अक्षर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी मान हलवली. मी पाठवून दिलं. उत्तरं यायला लागली, पण ह्यांनी फोन उपडा करून टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे पाहत बसले.

मला तिथे बसवेना. मी स्वयंपाकघरात आले आणि कणकेच्या परातीसमोर उभी राहून रडले. काय जिंकलं होतं मी? मला वाटत होतं, शेवटचा धागा होता तो मी माझ्या हाताने तोडला. जगासमोर सांगून झालं, कॅमेरा आता ह्यांचा नाही. मग उद्या पहाटे हे कशाला उठतील? का म्हणून?

मागे पावलं वाजली. हे दारात उभे होते. मी तोंड पुसलं, पदराला कणीक लागली.

"उद्याचा पास हाये ना?"

"हाये. पन तुमाले नसन यायचं तं..."

"तुह्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगले लाव," म्हणाले. वळले, आणि दोन पावलं जाऊन पुन्हा थांबले. पाठमोरेच बोलले, पण मला नीट ऐकू आलं.

"अन् पहाटे मले उठवजो. एकटी नको जाजो."